नोटीस साहेबांची, उत्तरही साहेबांचंच

आधीच सांगते, मला राजकारणातलं काही कळत न्हाई. कळतं असं वाटायचं, पण ह्या सोयाबीनच्या हंगामात तेही गेलं. लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मला सगळे सरजाआक्का म्हणतात. हमाल संघटनेची सेक्रेटरी हाय मी, बावीस वर्षं झाली. संघटनेचे अध्यक्ष निवृत्ती सोनकांबळे. अन् आपल्या राज्याचे पणन राज्यमंत्री, तेही निवृत्ती सोनकांबळेच. दोन माणसं न्हाईत, एकच हाय. पणन खातं म्हणजे सगळ्या बाजार समित्या, सगळे आडते, सगळे मोंढे ज्याच्या हाताखाली येतात ते खातं. म्हणजे हमालाचा पुढारी अन् मोंढ्याचा मालक एकच. आता तुम्हीच सांगा, असं असल्यावर डोकं ठिकाणावर राहील का?

लोक विचारायचे, "आक्का, भाऊ मंत्री झाले, आता अध्यक्षपद सोडतील का न्हाई?" मी उलट त्यांच्याशीच भांडायची. म्हणायची, "का बरं सोडावं? पोरगा कलेक्टर झाला म्हणून बापाचं नाव लावायचं सोडतो का?" लई शहाणपणा केला तवा. तोंड चालतं माझं, त्याचीच ही फळं.

निवृत्तीभाऊ मूळचे भोकरकडचे. विष्णुपुरीच्या धरणावर आईसोबत दगडं वाहिली, मग नांदेडच्या नव्या मोंढ्यात पाठीवर पोतं घेतलं अन् तिथंच संघटना बांधली. लातूरला ते पहिल्यांदा आले ते माझ्या घरच्या मौतीला. माझे मालक, अमृतराव, ह्याच मोंढ्यात हमाल होते. तुरीच्या पोत्यांची थप्पी अंगावर कोसळली. आडत्यानं सांगितलं, माणूस पिऊन थप्पीवर चढला होता. माझ्या माणसानं उभ्या जन्मात चहाशिवाय काही प्यालं नव्हतं! नांदेडहून हा उंच, काळासावळा गडी सकाळच्या एसटीनं आला अन् कुणाला न विचारता मोंढ्याच्या गेटवर मांडी घालून बसला. त्याच्या मागं एक बसला, दोन बसले, दुपारपर्यंत अख्खा मोंढा बसला. तिसऱ्या दिवशी आडत्यानं लेखी माफी मागितली. चौथ्या दिवशी भाऊ माझ्या दारात आले.

"आक्का, लिहिता येतं का?"

"दहावी पास हाय," मी म्हणलं.

"मग रडत बसू नका. लिहायला या."

तवापासून मी लिहून राहिले.

आमची कामाची एक रीत होती. अध्यक्षाच्या सहीशिवाय संघटनेचा कागद चालत न्हाई, अन् अध्यक्ष तर आज नांदेडला, उद्या लातूरला, परवा कुठल्या तरी पोलीस ठाण्यात. मग भाऊ एसटीत बसायच्या आधी संघटनेच्या कोऱ्या लेटरपॅडवर खाली सह्या करून ठेवायचे. वर सगळं कोरं, खाली ‘निवृत्ती सोनकांबळे’. "आक्का, मागं काही झालं तर लिहा," एवढंच म्हणायचे. दवाखान्याला पत्र, शाळेला पत्र, ठाणेदाराला निवेदन, बाजार समितीला नोटीस, सगळं मी लिहायची. लोक म्हणायचे, भाऊंची भाषा काय कडक हाय! मी मनातल्या मनात फुगायची. पण इमानानं सांगते, भाऊंच्या मनात नसलेलं एक अक्षर मी त्या कागदावर उतरवलं न्हाई. निदान मला तसं वाटायचं.

पुढं भाऊ नांदेडला नगरसेवक झाले. आमदारकीला एकदा पडले, दुसऱ्यांदा निवडून आले. मधे पक्ष किती बदलले ते मला विचारू नका. एकदा त्यांच्या स्वागताला मी गळ्यात पक्षाचा रुमाल घालून मोठ्या तोऱ्यात उभी राहिले. भाऊ गाडीतून उतरले, हळूच माझ्याजवळ आले अन् म्हणाले, "आक्का, हा मागच्या महिन्यातला हाय. काढा." मग हसून म्हणाले, "माणूस तोच हाय हो, फक्त गाडी बदलली." मी मान हलवली. खरंच पटलं होतं मला.

मंत्री झाल्यावर तर पंचाईतच झाली. त्यांना हाक काय मारायची, हेच कुणाला कळंना. म्हातारे हमाल निवृत्ती म्हणायचे, मधले भाऊ म्हणायचे, पोरं साहेब म्हणायची. एकदा व्यंकटी हमालानं घाबरून "माननीय कॉम्रेड साहेबभाऊ" अशी सुरुवात केली अन् पुढचं विसरून गेला. मी भाऊच म्हणायची. पण ते आले की उठून उभं राहायचं का बसून राहायचं, हे मला आजवर उमजलं न्हाई. अर्धी उठायची अन् तशीच थांबायची.

आता ह्या हंगामाचं सांगते.

नियम असा, की कट्टा, म्हणजे भरलेलं पोतं, पन्नास किलोचा. त्याच्या वर भरायचा न्हाई, हमालाच्या पाठीवर द्यायचा न्हाई. ह्या पन्नाससाठी आम्ही दहा वर्षं भांडलो. पण आडत्यांनी हळूहळू भरती वाढवत नेली. पंचावन्न झाले, साठ झाले. ह्या दिवाळीनंतर सोयाबीनचा कट्टा काट्यावर ठेवला तर अडुसष्ट! शिवलेलं तोंड असं फुगलेलं, की सुईला जागा न्हाई. म्हणायचे, बारदाना, रिकामी पोती, महाग झालीत, काय करावं.

माझा पोरगा विनोद चौतीस वर्षांचा. बापाच्या जागी मोंढ्यात लागला, बापाचाच परवाना त्याच्या नावावर झाला. परवान्याचा पितळी बिल्ला दंडाला बांधतो. दसऱ्याच्या आसपास त्याच्या कमरेत उसण भरली ती निघंचना. सकाळी खाटेवरून उतरताना भिंत धरायचा. डॉक्टरांनी फोटो काढला, मणका दाखवला अन् स्पष्ट सांगितलं, "पन्नास किलोपर्यंत पट्टा बांधून चालेल. त्याच्या वर उचललं तर वर्षभरात हा माणूस काठीवर येईल." मी म्हणलं, "डॉक्टरसाहेब, मोंढ्यात कट्टा निवडून घेता येत न्हाई हो. जो येईल तो उचलायचा, न्हाईतर बिल्ला ठेवून घरी जायचं." त्यांनी गोळ्या लिहून दिल्या.

तवा माझं सगळं गणित साधं होतं. पन्नास म्हणजे पोरगा उभा राहतो. अडुसष्ट म्हणजे राहत न्हाई.

बैठक झाली. एकट्या विनोदचं दुखणं नव्हतंच ते, किल्लारीकडून जीपनं येणाऱ्या गड्यांपैकी दोघं तर आधीच घरी बसले होते. संप करायचं ठरलं. पंधरा दिवसांची नोटीस द्यायची. नोटिशीवर अध्यक्षाची सही पाहिजे. मी मुंबईला फोन लावला. फोन नेहमी रुद्रेश उचलतो. रुद्रेश म्हणजे भाऊंचा पीए. उदगीरचा लिंगायताचा पोरगा, शिकलेला, गोड बोलणारा, मला कधी आक्काशिवाय बोलला न्हाई.

"आक्का, साहेब मीटिंगमध्ये आहेत."

दुसऱ्या दिवशीही मीटिंग. तिसऱ्या दिवशीही. अशी कसली मीटिंग, मला कळंना. शेवटी मी ट्रंक उघडली. सह्या केलेले दहा कागद शिल्लक होते. त्यातला एक काढला अन् लिहिलं: "कट्ट्याचे वजन पन्नास किलोच्या आत न आणल्यास लातूर मोंढ्यातील सर्व हमाल बेमुदत संपावर जातील. हमालाची पाठ ही बाजार समितीची मालमत्ता नाही." शेवटचं वाक्य मलाच इतकं आवडलं, की दोनदा वाचलं. खाली भाऊंची सही होतीच. एक प्रत बाजार समितीला, एक कलेक्टर कचेरीला, एक माननीय पणन राज्यमंत्र्यांना.

पाकिटावर पत्ता लिहिताना हात जरासा थांबला. निवृत्ती सोनकांबळेंकडून निवृत्ती सोनकांबळेंना! मी स्वतःशीच हसले. म्हणलं बरंच हाय की, आपल्याच घरचं पत्र आपल्याच घरी. समजून घेतील.

नऊ दिवसांनी उत्तर आलं. मंत्रालयाचा जाड कागद. "आपल्या निवेदनाची शासनाने गांभीर्याने नोंद घेतली आहे. तथापि ऐन हंगामात शेतकरी बांधवांची गैरसोय होऊ नये यास्तव प्रस्तावित संप मागे घेण्यात यावा. वजनाबाबत व्यापारी व हमाल यांनी सामंजस्याने मार्ग काढावा." खाली सही. निवृत्ती सोनकांबळे.

आता गं बया! मी कागद उलटा केला, सुलटा केला. सही तीच. तोच ‘नि’चा मोठा वेढा, तीच शेवटी मारलेली रेघ.  भाऊ असं कसं लिहितील? अन् ‘तथापि’? भाऊंनी उभ्या हयातीत तथापि म्हणलेलं न्हाई.

मी रुद्रेशला फोन लावला.

"लेकरा, हे उत्तर कुणी लिहिलं?"

"साहेबांनीच, आक्का."

"खरं सांग."

 तो हळूच म्हणाला, "मी लिहिलं, आक्का. साहेब लेटरपॅडवर सह्या करून ठेवतात. काम थांबायला नको म्हणून. नोटीस आली तर उत्तर द्यावंच लागतं ना?"

"त्यांनी नोटीस वाचली का?"

"वेळच मिळाला नाही त्यांना."

मी कपाळावर हात मारला. नोटीस मी लिहिली, उत्तर रुद्रेशनं लिहिलं, अन् ज्याच्या नावानं आम्ही दोघं एकमेकांशी भांडून राहिलो त्या माणसाला पत्ताच न्हाई! रुद्रेशला शिव्या घालाव्या म्हणून तोंड उघडलं, पण काय घालू? त्यानं केलं तेच तर मी बावीस वर्षं करून राहिले. फोन ठेवला अन् मला पहिल्यांदा वाटलं, की भाऊंच्या मनातलं मी लिहिते, हे मला कुणी सांगितलं होतं? मीच मला सांगितलं होतं.

उत्तराची गोष्ट मी कुणाला बोलले न्हाई. संप ठरल्या दिवशी सुरू झाला. मोंढ्यात सोयाबीनचे ढीग पडले, काटे थांबले. चौथ्या दिवशी निरोप आला, मंत्रीसाहेब स्वतः येऊन राहिलेत. नांदेडला काही कार्यक्रम उरकून लातूरला बाजार समितीच्या सभागृहात दोन्ही बाजूंची बैठक घेणार. हमालांनी फटाके आणले. आडत्यांनी हार आणले. दोघांनाही वाटलं, आपला माणूस येतोय.

बैठकीच्या आधी मी विश्रामगृहावर गेले. पोलिसानं अडवलं, रुद्रेशनं सोडवून आत नेलं. भाऊ खुर्चीत बसले होते. केस पार पांढरे झालेले, डोळ्याखाली सूज. मी अर्धी वाकले, जयभीम म्हणलं, अन् दोन्ही कागद त्यांच्यासमोर ठेवले.

"वाचा."

त्यांनी चष्मा लावला. नोटीस वाचली, उत्तर वाचलं. परत नोटीस वाचली. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. मला वाटलं, आता चिडतील, रुद्रेशला झापतील, न्हाईतर मला तरी झापतील. काहीतरी होईल.

"आक्का," ते म्हणाले, "नोटीस चांगली लिहिली. हे पाठीचं वाक्य तर लईच चांगलं."

"अन् उत्तर?"

"उत्तर पण चुकीचं न्हाई हो. शेतकऱ्याचं सोयाबीन उघड्यावर पडलंय."

"मग तुमचं म्हणणं कोणतं?"

त्यांनी चष्मा काढला. दोन्ही कागद दोन हातांत धरले. मी खोटं सांगत न्हाई, त्या माणसाच्या तोंडावर मला कधी दिसला नव्हता असा गोंधळ दिसला. जत्रेत हात सुटलेल्या पोरासारखा.

"आक्का, मला काय वाटतं ते लई दिवसांत कुणी विचारलंच न्हाई. इथं आलो की तुम्ही लिहिलेलं बोलतो. तिथं गेलो की रुद्रेशनं लिहिलेलं बोलतो. दोन्ही पटून राहतं मला."

मला रडू यायला पाहिजे होतं. पण माझा स्वभाव कुत्र्याच्या शेपटासारखा, राग आला मला. डोकंच फिरलं.

"अहो, हमाल बी तुम्ही अन् मालक बी तुम्हीच, मग कट्टा कोण उचलणार? माझा विनोद! त्याचा मणका सरकलाय, भाऊ. डॉक्टर म्हणतो पन्नास. तुमच्या दोन्ही पटण्यात माझं पोरगं काठीवर येईल. काय ते एक ठरवा!"

पिशवीतून उरलेले नऊ कोरे कागद काढले अन् टीपॉयवर आपटले. "हे घ्या तुमच्या सह्या. मी न्हाई लिहायची आता तुमच्या नावानं."

दारात रुद्रेश उभा होता. त्याच्या अंगावरून मी तशीच निघून आले. रिक्षात बसल्यावर स्वतःलाच शिव्या घातल्या. म्हणलं सरजे, बावीस वर्षांचा भाऊ आज तोडलास तू. अन् तोही ऐन बैठकीच्या तोंडावर. अक्कल काय गहाण ठेवली होती का?

सभागृह खचाखच भरलं होतं. डावीकडं आडते, उजवीकडं आमची माणसं, मधे भाऊ अन् कलेक्टर कचेरीतले साहेब. आडत्यांचे पुढारी चन्नबसप्पाशेठ. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, पांढरेशुभ्र कपडे, माणूस सभ्य, आवाज कधी चढवत न्हाई. पण गुळाची ढेप, हळूहळू चिकटते. ते उठले अन् दोन्ही कागद वाचून दाखवले. मंत्रालयाचं उत्तर त्यांच्याकडंही गेलं होतं, हे मला तवा कळलं.

"साहेब," ते हात जोडून म्हणाले, "नोटीस आपलीच, उत्तरही आपलंच. संप करा असं आपण म्हणता, संप करू नका असंही आपणच म्हणता. आम्ही कोणत्या साहेबांचं ऐकावं, एवढं सांगा."

आडते हसले. आमच्यातलेही काही हसले. विनोद पुढच्याच सतरंजीवर बसला होता, कमरेला पट्टा बांधून. तो माझ्याकडं बघायला लागला. "आई, हे कवा आलं? तू सांगितलं न्हाईस," त्याच्या तोंडावर एवढंच होतं. मी मान खाली घातली.

भाऊ उभे राहिले.  माईक हातात घेतला.

"दोन्हीपैकी एक कागद मागं घ्यावा लागतो," ते म्हणाले. "म्हणजे दोन्हीपैकी एक खुर्ची सोडावी लागते. मी संघटनेच्या अध्यक्षपदाचा राजीनामा देतो. आत्ता. सगळ्यांसमोर."

अन् खाली बसले.

 मग आडत्यांच्या बाजूनं टाळ्या पडल्या. अहो, टाळ्या!  म्हणलं, झालं, माणसानं ठरवलं. मीच म्हणलं होतं ना, एक काय ते ठरवा? ठरवलं बघा. आमच्याकडचा म्हातारा व्यंकटी उठून ओरडला, "निवृत्ती, अरे पोतं अर्ध्या वाटेत टाकतोस व्हय रे!" अन् खाली बसून डोळे पुसायला लागला.

चन्नबसप्पाशेठनी टाळ्या थांबू दिल्या. मग गोड आवाजात कलेक्टर कचेरीच्या साहेबांना विचारलं, "साहेब, ज्यांच्या सहीनं नोटीस निघाली ते आता अध्यक्ष राहिले नाहीत. मग नोटीस उभी राहते का? संघटनेचं कुणी लेखी पाठीशी नसेल तर हा संप बेकायदा ठरतो ना? उद्या सकाळी जो हमाल कामावर येणार नाही, त्याचा परवाना समितीला रद्द करावा लागेल."

कचेरीच्या साहेबांनी मान डोलावली. म्हणाले, आज बैठक संपायच्या आत संघटनेनं लेखी दिलं पाहिजे.

आगीतून निघून फुफाट्यात! आता पन्नास-अडुसष्ट बाजूलाच राहिलं, बिल्लाच जायची वेळ आली. विनोदनं नकळत दंडावर हात ठेवला, ते मी बघितलं. सगळीकडं कालवा उठला. कुणी म्हणे घेराव घाला, कुणी म्हणे घरी चला. कुणीतरी म्हणलं, "अध्यक्ष निवडा, आत्ताच निवडा!" अन् व्यंकटी परत उठला, नाक शिंकरलं, माझ्याकडं बोट केलं. "आक्का!" बघता बघता अडीचशे हात वर झाले. मी न्हाई न्हाई म्हणून राहिले, पण माझं कोण ऐकतंय? ज्या बाईनं तासाभरापूर्वी अध्यक्षाच्या तोंडावर कागद फेकले, तीच अध्यक्ष.

"लिहा आक्का! लवकर लिहा!"

कशावर लिहू? पिशवी रिकामी. मी इकडंतिकडं बघायला लागले. तेवढ्यात माझ्यासमोर एक कोरं पान आलं. डायरीतून फाडलेलं, एका बाजूला दातेरी. वर बघते तर रुद्रेश! त्यानं पान ठेवलं, पेन ठेवला, काही न बोलता परत मंत्र्यांच्या खुर्चीमागं जाऊन उभा राहिला. हा पोरगा कुणाच्या बाजूचा, हेही मला कळलं न्हाई.

मी लिहायला बसले. "प्रति, माननीय श्री. निवृत्ती सोनकांबळे". माननीय लिहिताना हात अडला. पुढं लिहिलं, की सदर नोटीस संघटनेची असून ती कायम आहे, संप चालू आहे, कट्ट्याचे वजन ५० किलोच्या आत आले पाहिजे. इथवर भराभर आलं. सवयच होती. अन् खाली आले तर जागा मोकळी! तिथं दरवेळी काहीतरी असायचं. बावीस वर्षांत हजार कागद लिहिले असतील, पण माझी स्वतःची सही कशी असते हे मला माहीतच न्हाई. शाळेत दाखल्यावर केली होती, अन् मालकाच्या मौतीच्या कागदावर. मी पोरीसारखं एकेक अक्षर काढत पूर्ण नाव लिहिलं. सरजाबाई अमृतराव कांबळे.

कागद घेऊन उठले. मंत्र्यांच्या टेबलापर्यंत दहा पावलं असतील. मनात एकच होतं. त्यांनी हा कागद घेतला तर संप उभा राहतो. न्हाई घेतला, "नंतर बघू, रुद्रेश, ठेवून घे" म्हणाले, तर उद्या माझ्या पोराच्या दंडावरचा बिल्ला जातो. अन् तासाभरापूर्वी मी ह्या माणसाचा काय मान ठेवला होता!

मी कागद पुढं केला. रुद्रेशनं घ्यायला हात लांबवला. भाऊंनी त्याचा हात बाजूला सारला अन् स्वतः घेतला. चष्मा लावला. वाचायला लागले. एकेक ओळीवर बोट ठेवून, पार खालपर्यंत. चन्नबसप्पाशेठ खाकरले, तरी भाऊंनी वर बघितलं न्हाई.

मग कागद माझ्याकडं परत सरकवला. 

"पन्नास अक्षरी पण लिहा," ते हळू आवाजात म्हणाले. "नुसता आकडा ठेवू नका. उद्या कुणी पाचाचं सहा करील."

 मी वाकून आकड्याच्या पुढं लिहिलं, अक्षरी पन्नास. त्यांनी कागद परत घेतला, कोपऱ्यात ‘प्रत मिळाली’ असं लिहिलं, तारीख घातली, वेळ घातली अन् सही केली. वाचून केलेली त्यांची सही मी पहिल्यांदा बघितली.

"साहेब, म्हणजे मागणी मान्य?" चन्नबसप्पाशेठ उठलेच.

"पोच दिली," भाऊ म्हणाले. "मान्य केलं न्हाई."

"मग अमान्य?"

"तेही म्हणलं न्हाई. कागद माझ्याकडं आलाय. उत्तर मी स्वतः लिहीन." अन् उठले. आडत्यांचा हार टेबलावर तसाच राहिला, आमचे फटाके पिशवीत तसेच राहिले. दाराकडं जाताना माझ्यासमोर क्षणभर थांबले. मला वाटलं, आक्का म्हणतील, चुकलं माझं म्हणतील, न्हाईतर चुकलं तुमचं म्हणतील.

"येतो, अध्यक्ष," ते म्हणाले, अन् गेले.

गाड्या नांदेडच्या रस्त्याला लागल्या. पोच मिळाली म्हणून बिल्ले तेवढे वाचले, पण सभागृहात कुणालाच कळंना, आपण जिंकलो का हरलो. आडते आपापसात कुजबुजत होते, आमची माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती. मी तिथंच सतरंजीवर बसले. इतकं एकटं मला अमृतरावांच्या मौतीच्या दिवशीही वाटलं नव्हतं. त्या माणसानं आम्हाला टाकलं, का आमच्यासाठी जागा मोकळी केली? देवाशप्पथ सांगते, मला अजून उमजलं न्हाई.

विनोद भिंतीला धरून उठला, कमरेवर हात ठेवून माझ्याजवळ आला.

"आई, भाऊ आपला राहिला का गेला?"

"मला काय विचारतोस, बाबा? मला काय माहीत!" मी खेकसले. मग त्याचा पट्टा ढिला झाला होता तो ओढून नीट बांधला. "संप चालू हाय. उद्या सातला गेटवर ये, अन् कुणी काही म्हणलं तरी कट्ट्याला हात लावू नको."